डुबकोजीराव कासव तरंगले आणि बुडाले, त्या मोहिमेची हकीगत

श्रीखंडोबा समर्थ. पृथ्वीवर राजे झाले, त्यांनी किल्ले घेतले, किल्ले दिले, आणि त्यांच्या मोहिमा लिहिणारे शेकड्यांनी झाले. परंतु पाण्यात राहून पाण्याखाली जाता येईना, ऐसा प्रसंग ज्यावर गुदरला त्याची मोहीम कोणी लिहिली नाही. ती लिहून ठेवणे पुढच्या पिढीच्या उपयोगी, म्हणोन हा खटाटोप.

शके अठराशे चौतीस, परिधावी नाम संवत्सर, फसली सन तेराशे बावीस. हैदराबादेस निजामसरकारची गादी, बीड जिल्ह्यास तालुकदार, त्याखाली तहसीलदार, आणि चौसाळ्याच्या दक्षिणेस दीड कोसावर हिंगणवाडी नामे एक्केचाळीस उंबऱ्यांची वाडी. वाडीची पाटीलकी आप्पारावांकडे, देवळाची पूजा उत्तरेश्वर गुरवाकडे, आणि बत्तीस पायऱ्यांच्या दगडी बारवेची हुकूमत राजमान्य राजश्री डुबकोजीराव कासव यांजकडे होती. बारवेत कासव असले म्हणजे पाण्यात किडा राहत नाही, पाणी निवळशंख राहते, हा मुलखाचा दस्तूर. त्याप्रमाणे डुबकोजीरावांनी अकरा वर्षे नोकरी इमानाने केली. बेडूक खावा, गोगलगाय खावी, तळाशी गाळात पडून राहावे, श्वासापुरते वर यावे आणि कोणी पाहते आहे ऐसे दिसताच डुबकी मारावी. म्हणोन बायडाबाईने नाव ठेविले डुबक्या.

बायडाबाई म्हणजे वाडीच्या खालच्या अंगास राहणारी धनगरीण. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नवरा देवाघरी, पोटी संतान नाही, पदरी तेवीस शेळ्या, आणि शेजारी दीर धुळाजी. ओढा आटला त्या साली तिच्या शेळ्या चिखल हुंगीत असता रुपयाएवढे पिल्लू तडफडताना दिसले. तिने ते ओल्या पदरात बांधून आणिले, महिनाभर परातीत ठेविले, मग बारवेत सोडिले. तेव्हापासून शेळ्या राखाव्या आणि डुबक्यास पाहून यावे, एवढाच तिचा संसार. घरात बोलायला दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे दिवसभराचे वर्तमान ती बारवेच्या खालच्या पायरीवर बसून त्यास सांगे, आणि तो ते ऐकून घेऊन खाली जात असे.

ऐसी घडी उत्तम बसली असता बिघडली ती एका नथीने. माघमासी सुंदरबाई पाटलीण यांची मोत्यांची नथ घागर बुडविताना पाण्यात पडली. तीन दिवस गळ टाकिले, पोहणारे उतरविले, हाती काही आले नाही. चौथे दिवशी ती एका पायरीच्या खाचेत चमकली. पाणी दोन बोटे उतरले म्हणोन दिसली, हे बायडाबाईस ठाऊक होते. परंतु पाटलीणबाईंनी निवाडा केला की कासवाने तोंडात धरून वर आणिली. मग होळी पौर्णिमेस त्यांनी तूप सोडलेली आख्खी पुरणपोळी बारवेत नैवेद्य म्हणोन घातली. ते छबुबाईने पाहिले. छबुबाईची आणि पाटलीणबाईंची चढाओढ लग्न होऊन वाडीत आल्यापासूनची, म्हणोन तिने दोन घातल्या. ते पाहून तिच्या जावेने घातली, मग वेशीपासून मसणवटीपर्यंत एकही चूल मागे राहिली नाही. आणि डुबकोजीराव, ज्यांच्या कुळात आलेल्या घासास नाही म्हणण्याचा रिवाज नव्हता, ते सर्व रसद स्वीकारते झाले.

धुळवडीस सकाळी मोठे वर्तमान उठले. राजश्री पाण्यावर आले होते आणि खाली जात नव्हते. डावी बाजू वर, उजवी खाली, एकीकडेच ओझे लादलेल्या गाडीसारखे तिरके. चार पाय मारावे, मान खाली घालावी, बूड वर करावे, आणि वाळल्या भोपळ्यासारखे पुन्हा तिथल्या तिथे यावे. ऐसे निकराचे हल्ले, सुलतानढवे, दिवसभर चालले. एकही लागू पडला नाही.

उत्तरेश्वर गुरवाने बारवेच्या कठड्यावर उभे राहून जाहीर केले की हा साक्षात कूर्मावतार, पृथ्वी पाठीवर धरून शिणला, आता भक्तांस दर्शन द्यावे म्हणोन वर आला आहे, तरी कोणी रिक्त हस्ते येऊ नये. हा हुकूम सुटताच नैवेद्याच्या फौजा चहूंकडून लोटल्या. पुरण आले, हरभऱ्याची डाळ आली, गूळखोबरे आले, कोणी सासऱ्याचा नवस म्हणोन सव्वाशेर चुरमा आणिला. चौसाळ्याचे लोक गाड्या जुंपून आले, चकलांब्याहून एक भजनी मंडळ टाळांसह आले. आणि जों जों नैवेद्य पडावा तों तों राजश्री फुगावे, आणि जों जों फुगावे तों तों अधिक वर यावे, आणि वर आले म्हणजे देवाने पावती दिली ऐसे समजून लोकांनी अधिक घालावे. ऐसे संकट आजवर कोणत्या गडावर आले नसेल, की वेढा घालणारेच आत अन्न टाकीत आहेत आणि गड त्यानेच पडतो आहे.

बायडाबाई दोन दिवस पाहत होती. राजश्रींची पाठ उन्हात वाळून खापरासारखी झाली होती. आकाशात एक घार फेऱ्या घालीत होती. आणि तिने पन्नास वर्षांत शेळ्या राखून एवढी विद्या संपादन केली होती की शेळीने धान्यावर तोंड मारिले म्हणजे तिची डावी कूस फुगते, आणि वेळीच इलाज न केला तर ती दुसरा दिवस पाहत नाही. डुबक्याचीही डावीच बाजू वर होती. तेव्हा ती उठली, पदर खोचला, आणि वकील न पाठविता जातीनिशी पाटलाच्या ओसरीवर दाखल झाली.

तेथे बैठक भरली होती आणि चौसाळ्याच्या लोकांच्या बैलांस वैरण कोणी द्यावी याची मसलत चालली होती. बायडाबाईने विनंती केली की वाडीतून नैवेद्याची मनाई व्हावी. गुरव हसला. पाटील हसले नाहीत, कारण माणूस वाईट नव्हता, परंतु जन्मात प्रथमच त्यांच्या ओसरीवर परगावची माणसे बसली होती.

"बायडामाय," पाटील म्हणाले, "मह्या वाडीला आजवर कुनी इचारत नव्हतं. चौसाळ्याला गेलतो तर कोन्ती हिंगणवाडी म्हून इचारायचे. आता गाड्या येत्यात. कावून मोडा घालतीस?"

"त्यो देव न्हाई, पाटील. त्याचं पोट फुगलंय. शेळी फुगती तसं. असंच चाललं तर मरंल."

"देव मरतो व्हय, माय?"

देव मरत नाही हे ती जाणून होती, आणि डुबक्या मरेल हेही जाणून होती, आणि दोन्ही गोष्टी एका तोंडाने ओसरीवर कशा सांगाव्या हे तिला सुधरेना. मग ती मुजरा न करिता परत फिरली.

तहाचे बोलणे फिसकटले म्हणजे शस्त्र धरणे प्राप्त. दुसऱ्या दिवशी, फाल्गुन वद्य चतुर्थीस, दिवस उगवताच तिने तेवीस शेळ्यांची फौज बारवेत उतरविली. बारवेत उतरावयास वाट एक, आणि ती दोन माणसांच्या रुंदीची. वरच्या पायऱ्यांवर बोकड, मध्ये दुभत्या, आणि अगदी खाली करडी नावाची जुनी शेळी, जिने दोन लांडगे पाहिले होते. बायका ताटे घेऊन उतरू लागल्या तोच हातघाई झाली. पहिली पोळी बोकडाने ताटातून उचलली, दुसरी करडीने पदर ओढून घेतली, मग ताटे वाजली, पुरण पायऱ्यांवर लोटले, छबुबाई बसल्या ठिकाणी चार पायऱ्या घसरल्या, आणि त्या दिवशी दोन प्रहरपर्यंत एक घास पाण्यापर्यंत पोहोचला नाही. बायडाबाईस वाटले, मैदान मारिले.

परंतु पुरणाची तलवार दोन्हीकडून कापते. दोन प्रहरी बोकड आणि दोन शेळ्या डाव्या कुशीला ढोल होऊन आडव्या पडल्या. बायडाबाईने धुळाजीस हाक मारिली, शेळ्यांचे पुढचे पाय दगडावर चढविले, तोंडात लिंबाची काडी आडवी बांधिली म्हणजे चघळून ढेकर येते, ओवा आणि गोडेतेल पाजिले, आणि कुशी चोळीत दोघे दिवस मावळेपर्यंत बसली. तिन्ही वाचल्या. पण तेवढ्या अवकाशात बारवेची वाट मोकळी पडली, आणि पाटलीणबाईंनी स्वतः उतरून सकाळची उणीव भरून काढिली. रंगपंचमीस तर इतकी गर्दी झाली की राजश्रींच्या भोवती पोळ्यांचा तट उभा राहिला. त्यांनी डोके पाण्याबाहेर काढून दोन वेळा तोंड उघडले आणि मिटले. खाल्ले नाही. ते पाहून लोक म्हणाले, देव तृप्त झाला. बायडाबाई खालच्या पायरीवर बसून रडली.

षष्ठीस धुळाजी केजच्या बाजारातून परतला. त्याने वर्तमान आणिले की त्यांच्या भावकीतले शहादेव, वय नव्वदीपुढे, काल सकाळी वारले. शहादेवास बायडाबाईने आपल्या लग्नात एकदा पाहिले होते, आणि तेव्हाही ते जेवणावरून रुसून निघून गेले होते. धुळाजीने डोईचे मुंडासे काढून ठेविले. बायडाबाईने विचारिले की सुतक किती दिवसांचे.

"भावकीचं म्हंजी दहा दिवस, वैनी."

"सगळ्या घराला?"

"सगळ्या घराला."

हे ऐकताच ती उठली. तिच्या चालण्यात ऐसे काही होते की धुळाजी मुंडासे विसरून मागोमाग निघाला.

बारवेवर त्या वेळी पाटील, पाटलीणबाई, गुरव आणि चौसाळ्याची दोन गाड्यांची माणसे हजर होती. बायडाबाईने कठड्यापाशी उभे राहून सर्वांस जाहीर केले की केजेत आमच्या भावकीत मयत झाली, आमच्या घरास दहा दिवस सुतक पडले, आणि डुबक्या आमच्या घरातला, तस्मात् तोही सुतकी. सुतक्यास नैवेद्य दाखवू नये, सुतकात गोड खाऊ नये, हा धर्म सर्वांस ठाऊक आहेच. यापुढे जो कोणी पुरण घालील त्याचा नैवेद्य बाटला, त्याचे त्याने पाहावे.

पाटलीणबाईंच्या हातचे ताट आपोआप मागे गेले. गुरव मात्र लढवय्या होता.

"देवाला सुतक नसतं," तो म्हणाला.

"देवाला नसंल, गुरवबुवा. डुबक्याला हाय. त्यो मह्या घरातला हाय."

"कासव कुनाच्या घरातलं असतंय व्हय? कागद हाय का तुज्याकडं?"

कागदाचे नाव निघताच गर्दीतून मोहनराव पटवारी मागच्या मागे सटकू लागले. ते बायडाबाईने पाहिले. तिने त्यांस हाक मारून सांगितले की दोन वर्षांमागे सरकारने माणसांची शिरगणती केली तेव्हा तुम्ही आमचेही घर लिहिले होते, त्याची नक्कल चावडीत असेल, ती आणून वाचावी. पटवारी म्हणाले, त्याची काही गरज नाही. पाटील म्हणाले, गरज आहे. मग चावडीतून कच्ची नक्कल आली आणि पटवाऱ्यांनी घसा साफ करून, वाचवत नसता वाचिली: घर नंबर सत्तावीस. बायडाबाई, विधवा, धंदा शेळ्या राखणे. डुबक्या, पुरुष, अविवाहित, उमर साल नऊ, धंदा पाणी राखणे.

घडले होते ते असे. मोजणीच्या दिवशी ऊन फार होते, म्हणोन पटवारी चावडीच्या सावलीत बसून एकेका घरास हाक मारून लिहीत होते. घरात कोण कोण म्हणोन पुसले. बायडाबाईस एकच डोके सांगणे जिवावर आले. तिने दोन सांगितली. पटवाऱ्यांनी मान वर न करिता दोन लिहिली.

आता उत्तरेश्वर गुरवाने पटवाऱ्यास टोचले की कासव माणसात लिहिले हे खोटे आहे, ऐसे सर्वांसमक्ष कबूल करावे. मोहनरावांच्या डोळ्यांपुढून तहसीलदार घोड्यावर बसून निघून गेले. निजामसरकारच्या रयतेत एक कासव आपल्या हाताने वाढले, हे कबूल करणे आणि पागोटे उतरून ठेवणे सारखेच. त्यांनी वही मिटली आणि ताठ उभे राहिले.

"कागदात हाय ते हाय," मोहनराव म्हणाले. "सरकारनं पुरुष म्हटलंय त्याला. सुतक लागतंय."

ऐसी कुमक बायडाबाईस स्वप्नातही अपेक्षित नव्हती. तेव्हा गुरवाने अखेरचा डाव टाकिला, की सुतकी जर असेल तर त्यास वाडीच्या पिण्याच्या पाण्यात ठेवणे शास्त्रास सोडून आहे, काढा त्यास बाहेर. त्याचा अंदाज, या अटीवर बाई कच खाईल. बाईने पदर कंबरेस आवळला, पायऱ्या उतरली, राजश्रींस दोन्ही हातांनी उचलून ओल्या गोणपाटात घेतले आणि सर्वांच्या मधून घराकडे चालती झाली. जे मागावे की न मागावे या विचारात ती होती, तेच गनिमाने स्वमुखे देऊन टाकिले.

तिच्या दारी लिंबाच्या सावलीत शेळ्यांना पाणी पाजायची दगडी डोण होती. तीत तिने चारच बोटे पाणी घातले, म्हणजे राजश्रींचे पाय तळास टेकावेत आणि पोहून शीण न व्हावा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावे, अन्नाचा कण पडू देऊ नये, अंगावर गोणपाट ओले ठेवावे, हा बंदोबस्त.

तथापि एक हल्ला राहिलाच होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठले-भाकरी पोहोचवावी, हा दस्तूर पुरणाहूनही जुना. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका ताटे झाकून आल्या, आणि घरात माणसे दोन म्हणोन प्रत्येक ताटात वाटे दोन. पिठले म्हणजे हरभऱ्याचेच पीठ. छबुबाई तर डोणीपर्यंत पोहोचली आणि शोकाकुलास घास भरवू लागली. बायडाबाईने तिचा हात धरिला आणि सांगितले की घरातली कर्ती मी, घास माझ्या हाती द्यावा, लेकराला मी भरवीन. मग बायका पाहत असता तिने आणि धुळाजीने ते पिठले खाल्ले. संध्याकाळी पुन्हा खाल्ले. ऐसे चार दिवस उभयतांनी वाडीभरचे पिठले अंगावर झेलिले. पाचवे दिवशी धुळाजी डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणाला, वैनी, आता मह्या तोंडात काडी बांध.

डोणीत मात्र सहा दिवस काही हालचाल नव्हती. राजश्री तिरकेच होते, चार बोटे पाण्यातही डावी बाजू उचललेली. बायडाबाई पाणी बदलीत होती आणि बोलत होती. वाडीस वाटले की ती शहादेवासाठी झुरते आहे. आपल्या माणसाचे दुःख असावे तर ऐसे, म्हणोन पाटलीणबाईंनी नाकाला पदर लावला. सातव्या दिवशी दुपारी डोणीतून पहिली तोफ सुटली. एक मोठा बुडबुडा वर आला आणि फुटला, आणि त्याचा दर्प ऐसा की बोकड दावे तोडून पळाला. मग दुसरी, मग तिसरी, मग लागोपाठ ऐसी सरबत्ती की धुळाजी खाटेवरून मोजू लागला आणि मोजता मोजता दमला. तोफखान्यामागोमाग होळीपासूनचा सर्व दारूगोळा बाहेर पडला. बायडाबाईने डोण तीन वेळा घासली. आठव्या दिवशी डावी बाजू उजवीच्या बरोबरीस आली. नवव्या दिवशी तिने डोण काठोकाठ भरिली आणि श्वास धरून पाहिले. राजश्री मध्यापर्यंत गेले आणि वर आले. दहाव्या दिवशी तळास टेकले, पण घटकाभरात पुन्हा तरंगले.

सुतक फिटले. अमावास्येस गुरवाने हरकत घेतली, म्हणोन दुसरा दिवस ठरला. शके अठराशे पस्तीस, प्रमादी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. दारोदारी गुढ्या उभ्या, आणि वाडीची यच्चयावत माणसे बारवेवर. चौसाळ्याच्या पाच गाड्या लिंबाखाली सुटलेल्या. उत्तरेश्वर गुरवाने नारळ तयार ठेविला होता, कारण राजश्री पुन्हा तरंगले तर सुतक नाही आणि आडकाठीही नाही. पाटलीणबाईंचे ताट झाकलेले होते. बायडाबाई डोईवर पाटी घेऊन आली. पाटीत ओले गोणपाट, गोणपाटात डुबक्या. बत्तीस पायऱ्या ती कोणाकडे न पाहता उतरली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने त्यास सोडिले.

राजश्री पाण्यावर राहिले.

वरून कोणीतरी जयजयकार सुरू केला आणि पाटलीणबाईंनी ताटावरचे फडके काढिले. बायडाबाईचे हात पाण्यातच राहिले होते. डुबकोजीरावांनी मान बाहेर काढिली, एक पाय मारिला, मग दुसरा. मग नाक खाली केले. बूड वर आले, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाण्यावर एक वर्तुळ होते, ते वाढत वाढत पायरीस लागले आणि नाहीसे झाले.

लोकांनी वाट पाहिली. पाटलीणबाईंनी फडके पुन्हा घातले. चौसाळ्याच्या माणसांपैकी एकाने विचारिले की देव कधी वर येणार. पाटलांनी गुरवाकडे पाहिले, गुरवाने नारळाकडे पाहिले, आणि काही वेळाने गाड्या जुंपल्या गेल्या. पाटील जाताना चार पायऱ्या उतरून म्हणाले, "गेलं का गं माय, खाली?" बायडाबाईने मान डोलविली. ते वर चढू लागले आणि वळून म्हणाले, "बरं झालं." आणि ते मनापासून म्हणाले.

येणेप्रमाणे तह ठरला. बारवेत पुरण, डाळ, चुरमा आणि पिठले यांस कायमची बंदी. नवस असेल त्याने तो शेळ्यांपासूनही दूर ठेवावा. मोहनराव पटवारी यांनी पुढील शिरगणतीस दारोदार उन्हात फिरावे. उत्तरेश्वर गुरवास नारळ फोडण्याची परवानगी, मात्र देवळात. आणि बायडाबाई धनगरीण हिने दिवस मावळेपर्यंत खालच्या पायरीवर बसून पाहिले, तेव्हा बारवेच्या पाण्यावर पान नाही, पोळी नाही, कासव नाही, कोणतीही चीज दिसत नाही, ऐसी तिची खात्री झाल्यावर हकीगतकाराने फत्ते मुक्रर करून लिहिली.